तीन आठवडे आकाशाकडे पाहणारा कॅमेरा

प्रश्न : तळमजल्यावर माझे दुकान आणि त्याच्या मागे गोदाम आहे; वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. दुकान-गोदामात वायरवर चालणारे चार कॅमेरे आहेत आणि त्यांचा रेकॉर्डर गल्ल्याखाली ठेवलेला आहे. घरात वाय-फायवरचे दोन कॅमेरे आहेत. गोदामाच्या मागच्या दारावरचा कॅमेरा वर आकाशाकडे वळलेला आहे, हे परवा सहज लक्षात आले. जुने चित्रीकरण मागे नेत पाहिले, तेव्हा तो जवळजवळ तीन आठवडे तसाच होता असे कळले. त्याच शोधात एका रात्रीचे चारही कॅमेऱ्यांचे चाळीस मिनिटांचे चित्रीकरणच नाही, हेही दिसले. त्या रात्री वीज गेली नव्हती. चोरी झालेली नाही. घरातला एक कॅमेरा मात्र अधूनमधून आपोआप फिरतो, त्यामुळे पत्नी म्हणते, सगळे काढूनच टाका. कॅमेरे बसवून देणारे गृहस्थ म्हणतात, भारीतले मजबूत कॅमेरे घ्या. कामावरची माणसे जुनी आणि विश्वासातली आहेत. काय करावे?

उत्तर :

आपल्या पत्रातली सर्वांत चिंतेची गोष्ट कॅमेरा वळला ही नसून तो वळलेला तीन आठवडे कोणाच्या लक्षात आले नाही, ही आहे. उघड्यावर बसवलेले कोणतेही यंत्र कोणीतरी हलवू शकतो, झाकू शकतो, फोडू शकतो. ते पूर्णपणे टाळणे कोणाच्याच हातात नाही. पण असे झाल्यावर पाच मिनिटांत मालकाला कळणे, आणि तोवरचे चित्रीकरण सुरक्षित असणे, या दोन गोष्टी मात्र बऱ्यापैकी आपल्या हातात आहेत. म्हणून भारीतले कॅमेरे घेण्याचा सल्ला मी सध्या बाजूला ठेवतो. आज ज्या पद्धतीने आपली व्यवस्था चालते आहे, त्याच पद्धतीने ती चालू राहिली, तर महागडा कॅमेरा आकाश अधिक स्वच्छ टिपेल, एवढाच फरक पडेल.

आपले पत्र मिळताच एक गोष्ट आपल्याला स्वतंत्रपणे कळवली होती; ती इतर वाचकांसाठी येथे पुन्हा सांगतो. संशय येताच पहिले काम म्हणजे त्या दिवसांचे चित्रीकरण रेकॉर्डरमधून बाहेर काढून घेणे. रेकॉर्डरची डिस्क भरली की तो सर्वांत जुने चित्रीकरण पुसून त्यावर नवे लिहितो. एक कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट या वेगाने चोवीस तास चित्रीकरण करत असेल, तर दिवसाला सुमारे ४३ जीबी जागा लागते. चार कॅमेऱ्यांचे सुमारे १७३ जीबी होतात, आणि ४ टीबीची डिस्क साधारण तेवीस दिवसांत भरते. तीन आठवड्यांपूर्वीचा पुरावा अशा रेकॉर्डरमध्ये फार तर एक-दोन दिवसांचा सोबती असतो. ही प्रत काढताना पडद्याचे मोबाइलने चित्रीकरण करू नये. रेकॉर्डरमधून मूळ स्वरूपातच फाइल काढावी, तिच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात, आणि रेकॉर्डरचे घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे किंवा मागे होते, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. संगणकाचा सराव असलेल्या एखाद्याकडून त्या फाइलचा ‘एसएचए-२५६’ हा हॅश, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेली अंक-अक्षरांची खूण, काढून घेतला, तर फाइलमध्ये नंतर काही बदल झालेला नाही, हे पुढे दाखवून देता येते. एक अक्षर जरी बदलले तरी हा हॅश पूर्ण बदलतो.

आपण ते काम त्याच रात्री केलेत आणि काय आढळले ते दुसऱ्या पत्रात कळवलेत, हे बरे झाले, कारण त्यातूनच आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. कॅमेऱ्याचा स्क्रू ढिला झाला की तो स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली झुकतो. दिवसेंदिवस चित्रात जमीन वाढत जाते. तो वर जात नाही. आपला कॅमेरा वर गेला, आणि तोही एका क्षणात. आपण कळवल्याप्रमाणे चित्र दोनदा हादरते, खालच्या कडेवर एका काठीचे टोक दिसते, त्या टोकाला वाकवलेला लोखंडी आकडा आहे, आणि मग दार, भिंत, छज्जा असे झरझर खाली जात केवळ आकाश उरते. शटर ओढायची आकड्याची काठी ओळखायला आपल्याला वेळ लागला नसणार. तशी काठी कोणाकडेही असू शकते, त्यामुळे त्यावरून एवढ्यात कोणाचे नाव घेऊ नये. पण आपला कॅमेरा त्या काठीच्या टप्प्यात आहे, एवढे नक्की ठरले.

दिव्याखाली अंधार ही म्हण कॅमेऱ्यालाही लागू पडते. कॅमेरा समोरचे पाहतो, स्वतःच्या पायाशी उभा असलेला माणूस त्याला बहुधा दिसत नाही, आणि छेडछाड करणारा नेमका तिथूनच येतो. यावर उपाय असा की, प्रत्येक कॅमेरा दुसऱ्या एखाद्या कॅमेऱ्याच्या चित्रात यावा. आपल्याकडे मागच्या दाराचा कॅमेरा एकटा आहे. गोदामाच्या दुसऱ्या कोपऱ्यावर आणखी एक बसवून दोघांची तोंडे एकमेकांकडे केलीत, तर एकाला हात लावणारा दुसऱ्यात सापडेल. मला एकच नवा कॅमेरा सुचवायचा असेल, तर तो हा.

उंचीबाबत मात्र एक चूक सर्रास होते. कॅमेरा हाताला लागू नये म्हणून तो इतका वर नेला जातो की चित्रात टोप्या आणि डोक्यावरचे केस तेवढे येतात. अनोळखी माणसाची चेहऱ्यावरून ओळख पटण्यासाठी दृश्याच्या प्रत्येक मीटर रुंदीला साधारण २५० पिक्सेल असावेत, असे या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत सांगितले होते. म्हणजे १९२० पिक्सेल रुंदीच्या कॅमेऱ्याने साडेसात मीटरपेक्षा रुंद पट्टा टिपायला घेतला, तर माणूस आला-गेला एवढे समजेल, कोण ते सांगता येणार नाही. म्हणून बाहेरचा कॅमेरा तीनेक मीटरवर, काठी सहज पोहोचणार नाही अशा कोपऱ्यात ठेवावा, आणि चेहरा टिपण्यासाठी दाराच्या आतल्या बाजूला, आत येणाऱ्याच्या समोर, डोळ्यांच्या उंचीच्या जरा वर एक लहान कॅमेरा असावा. आतल्या कॅमेऱ्याला हात लावायचा तर आधी त्याच्यासमोरून यावे लागते.

आपल्याकडचा मागचा कॅमेरा लांबट, नळीसारखा आहे. त्याला धरायला आणि ढकलायला जागा असते. घुमटाच्या आकाराच्या कॅमेऱ्याला ती नसते, आणि आतले भिंग कोणीकडे वळले आहे हेही बाहेरून चटकन कळत नाही. बदलायचाच असेल, तर तेवढा एक घुमटाचा घ्यावा आणि त्यावर ‘आयके १०’ हा शिक्का पाहावा. त्याचा अर्थ २० ज्यूलचा आघात, म्हणजे ५ किलो वजन ४० सेंटिमीटरवरून पडावे एवढा धक्का, ते कवच सहन करते. तरीही रंगाचा फवारा किंवा वर टाकलेली पिशवी यांच्यापुढे असल्या शिक्क्याचा काही उपयोग नसतो. सध्याच्या कॅमेऱ्याचे साधे स्क्रू बदलून मध्ये खुंटी असलेले तारकाकृती खाचेचे स्क्रू लावावेत, ते नेहमीच्या पेचकसाने फिरत नाहीत. आणि वायर : कॅमेऱ्यामागे हातभर वायर लोंबकळत ठेवण्याची सवय बसवणाऱ्यांना का असते, हे मला कधीच कळलेले नाही. फोडाफोडी करण्याची गरजच पडत नाही, एक कात्री पुरते. वायर कॅमेऱ्याच्या बुडातून थेट भिंतीत जावी, तसे जमत नसेल तर जोड बंद जंक्शन बॉक्समध्ये आणि पुढची वायर लोखंडी पाइपातून जावी.

आता त्या चाळीस मिनिटांकडे वळतो. ती कोणीतरी पुसली असावीत, असा आपला समज पत्रांतून दिसतो. बऱ्याच रेकॉर्डरमध्ये ठरावीक चाळीस मिनिटे निवडून पुसण्याची सोयच नसते. पुसायची तर अख्खी डिस्क फॉरमॅट करावी लागते. तेव्हा अशी पोकळी दिसली की आधी ती एका कॅमेऱ्याची आहे की सगळ्यांची, हे पाहावे. एकाचीच असेल, तर त्या कॅमेऱ्याची वायर किंवा वीजपुरवठा तुटला. सगळ्यांची असेल आणि सगळ्यांची एकाच सेकंदाला सुरू होत असेल, तर रेकॉर्डर बंद पडला किंवा पाडला. पोकळीच्या पुढची-मागची वेळ जुळत नसेल, काही मिनिटे दोनदा आलेली असतील, तर घड्याळ मागेपुढे केले गेले असू शकते. आणि फक्त हालचाल झाली तरच चित्रीकरण करण्याची सेटिंग असेल, तर ती पोकळी म्हणजे निव्वळ शांतताही असू शकते, मात्र चारही कॅमेऱ्यांत ती एकाच सेकंदाला सुरू होऊन एकाच सेकंदाला संपत नाही.

यातले काय घडले, हे रेकॉर्डर स्वतःच सांगतो. त्याच्या मेनूमध्ये ‘लॉग’ नावाची नोंदवही असते. तिच्यात यंत्र केव्हा चालू झाले, कोणत्या नावाने कोण आत शिरले, कोणती सेटिंग बदलली, हे सगळे वेळेसह लिहिलेले असते. आपण कळवलेली नोंद अशी आहे की, त्या रात्री यंत्र रीतसर बंद न होता एकाएकी बंद पडले आणि चाळीस मिनिटांनी पुन्हा सुरू झाले; त्या वेळेत कोणीही पासवर्ड टाकून आत शिरलेले नाही. वीज गेलेली नव्हती. म्हणजे बहुधा गल्ल्याखालच्या बोर्डावरचे बटण दाबले गेले आणि नंतर पुन्हा दाबले गेले. ते साफसफाई करताना चुकूनही होऊ शकते, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. पण लाखमोलाचा पुरावा सांभाळणारे यंत्र कोणाच्याही पायाच्या अंगठ्याने बंद होऊ शकेल अशा जागी असू नये, हे दोन्ही शक्यतांत सारखेच खरे आहे.

रेकॉर्डर तेथून हलवा. गल्ल्याखाली तो सापडायला सोपा असतो, आणि अनेक चोर जाताना रेकॉर्डरच उचलून नेतात. मग कॅमेरे कितीही चांगले असले तरी काय उपयोग? त्याला वरच्या मजल्यावर, कुलूप लागणाऱ्या आणि हवा खेळती राहील अशा कपाटात किंवा भिंतीवरच्या लोखंडी पेटीत ठेवावे. हवेचा मुद्दा किरकोळ समजू नये, कोंदट जागी हार्ड डिस्क लवकर खराब होते. त्याचे वीजजोडणीचे टोकही त्याच पेटीत असावे आणि त्यावर यूपीएस असावा. कॅमेऱ्यांना वीज आणि चित्राची वाट एकाच नेटवर्क केबलमधून देण्याची जी पद्धत आहे, जिला ‘पीओई’ म्हणतात, ती घेता आली तर उत्तम, कारण तिच्यात शंभर मीटरपर्यंतच्या सगळ्या कॅमेऱ्यांची वीज एकाच नेटवर्क स्विचमधून, म्हणजे या केबली जिथे येऊन जोडल्या जातात त्या पेटीतून, जाते आणि एकच यूपीएस सर्वांना पुरतो. मात्र यूपीएसवर रेकॉर्डर, हा स्विच आणि इंटरनेटचा राउटर असे तिन्ही असले पाहिजेत. राउटर विसरला, तर चित्रीकरण चालू राहते पण आपल्याला त्याची खबर पोहोचत नाही.

याच्या जोडीला एक दुसरी प्रत हवी. कॅमेऱ्यात मेमरी कार्डाची खाच असेल, तर त्यात कार्ड घालावे. रेकॉर्डरशी संपर्क तुटला तरी तेवढ्या काळाचे चित्रीकरण कार्डावर राहते. मागच्या दाराचा आणि गल्ल्यावरचा, असे दोन कॅमेरे तरी क्लाउडवर किंवा दुसऱ्या जागेतल्या यंत्रावर आपोआप पाठवले जातील, अशी सोय करावी. सगळे पाठवण्याची गरज नाही. त्याला इंटरनेटही तेवढे पुरणार नाही.

वरच्या मजल्यावरच्या फिरणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल आपल्या पत्नीची भीती अनाठायी नाही, पण निष्कर्ष घाईचा आहे. फिरणारे कॅमेरे वीज जाऊन आली किंवा यंत्र पुन्हा सुरू झाले की स्वतःची चाचणी म्हणून एकदा डावी-उजवीकडे फिरून जागेवर येतात. ‘ऑटो ट्रॅकिंग’ चालू असेल, तर ते समोरून जाणाऱ्या माणसामागे वळतात. या दोन्ही गोष्टी बंद करून किंवा तपासून पाहाव्यात. त्यानंतरही कोणी समोर नसताना कॅमेरा फिरला, तर त्याची वीज काढावी, त्याला मूळ कारखान्याच्या स्थितीत आणून नव्या पासवर्डने पुन्हा जोडावे, आणि मोबाइल ॲपमध्ये हा कॅमेरा कोणकोणत्या फोनवर उघडलेला आहे, ती यादी पाहून अनोळखी फोन काढून टाकावेत. शयनगृहात कॅमेरा असेल, तर तो मात्र मी आजच काढायला सांगेन.

पासवर्डविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण या वाटेने होणाऱ्या छेडछाडीला काठी लागत नाही. २०१६ साली ‘मिराय’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरचे कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले. त्याने कोणतीही अवघड कुलपे फोडली नाहीत. कारखान्यातून निघताना यंत्रात घातलेली साठेक नावे आणि पासवर्ड यांच्या जोड्या तो एकामागून एक लावून पाहत असे. मालकांनी ते बदललेलेच नव्हते. त्या यंत्रांच्या फौजेतून २१ ऑक्टोबर २०१६ रोजी संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे इंटरनेटवरचे पत्ते शोधून देणाऱ्या ‘डाइन’ या कंपनीवर हल्ला झाला आणि अनेक मोठ्या संकेतस्थळांपर्यंत पोहोचणे काही तास अवघड झाले. कॅमेऱ्यांच्या मालकांपैकी अनेकांना आपले यंत्र त्यात सामील होते, याचा पत्ताही नसणार.

आपला रेकॉर्डर बसवून देताना जो पासवर्ड ठेवला, तो अजून तसाच आहे, आणि तो त्या गृहस्थांनाही ठाऊक आहे, असे आपण लिहिले आहे. त्यांच्या सचोटीबद्दल मला शंका घ्यायची नाही, पण बहुतेकदा बसवणारे सगळ्या गिऱ्हाइकांकडे एकच पासवर्ड ठेवतात, आणि तो एकाकडून फुटला की सगळ्यांचाच फुटतो. तो आज बदला. नवा पासवर्ड लांब असावा, तो इतर कुठेही वापरलेला नसावा, आणि ॲपला मोबाइलवर येणाऱ्या दुसऱ्या पडताळणीची सोय असेल तर ती चालू करावी. बाहेरून चित्र पाहता यावे म्हणून राउटरमध्ये रेकॉर्डरसाठी ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ केलेले असेल, तर ते बंद करून घ्यावे आणि यंत्रांना अशी वाट आपोआप उघडू देणारी ‘यूपीएनपी’ ही सोयही बंद करावी; ते म्हणजे रस्त्यावर उघडणारे दार असते आणि अशी दारे शोधत फिरणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात. बाहेरून पाहायचे तर व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या कुलूपबंद खासगी वाटेने, पाहावे. कॅमेऱ्यांचे जाळे दुकानाच्या बिलिंगच्या संगणकापासून वेगळे ठेवावे. रेकॉर्डरचे सॉफ्टवेअर अद्ययावत करून घ्यावे, आणि कंपनीने त्याला सुधारणा देणेच थांबवले असेल, तर चालू स्थितीतले यंत्रही बदलावे. माझ्या मते नव्या खर्चाचा पहिला मान या यंत्राचा आहे.

वाय-फायच्या कॅमेऱ्यांची आणखी एक कमकुवत बाजू अशी की, त्यांना हात न लावताही त्यांचा संपर्क तोडता येतो. जुन्या वाय-फायमध्ये यंत्राला ‘तुझी जोडणी संपली’ असे सांगणारा संदेश कोणीही बाहेरून खोटा पाठवू शकतो. डब्ल्यूपीए-३ या नव्या सुरक्षापद्धतीत हे संदेश संरक्षित असतात, म्हणून राउटर आणि कॅमेरे दोन्ही ती वापरत असतील तर ती निवडावी. त्याच लहरींवर नुसता गोंगाट करून जाळे ठप्प पाडणाऱ्यापुढे मात्र तिचाही इलाज नाही. त्यामुळे घरात आत काय चालले आहे, हे पाहायला वाय-फाय ठीक आहे. दार राखायला वायरच हवी.

आणि आता मूळ मुद्दा, तीन आठवड्यांचा. आपल्या रेकॉर्डरच्या मेनूत ‘व्हिडिओ टॅम्परिंग’ आणि ‘व्हिडिओ लॉस’ अशा दोन सोयी असण्याची दाट शक्यता आहे. पहिली चित्र झाकले गेले किंवा एकाएकी बदलले की इशारा देते, दुसरी चित्र येणेच थांबले की. बऱ्याच यंत्रांत या मुळात बंद असतात. त्या चालू करून इशारा आपल्या आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलवर येईल असे करावे. संवेदनशीलता सुरुवातीला मध्यम ठेवावी. संध्याकाळी कॅमेरा रंगीत चित्रातून काळ्या-पांढऱ्यात जातो तेव्हा काही यंत्रे उगाच ओरडतात, आणि रोज उगाच ओरडणारा इशारा माणूस आठवड्याभरात बंद करून टाकतो. माझ्याकडे असे झाले होते : रात्री दोन वाजता रोज इशारा येई, म्हणून मी तो बंद केला, आणि पुढे महिनाभराने पाहतो तर भिंगासमोर कोळ्याने जाळे विणलेले. रात्रीच्या अवरक्त प्रकाशात ते जाळे पांढरेफटक दिसत होते आणि त्यामागचे फाटक अजिबात दिसत नव्हते. छेडछाड करणारा कोळी होता, म्हणून निभावले.

यंत्राने न सांगितलेलेही कळावे, यासाठी ‘ऑफलाइन’ झाल्याचा इशारा निराळा चालू करावा. रेकॉर्डरच बंद झाला तर तो स्वतः काही कळवू शकत नाही, पण कंपनीच्या सर्व्हरला त्याची हाक येणे थांबल्याचे कळते आणि तो मोबाइलवर सांगतो. त्या चाळीस मिनिटांत हा इशारा आला असता. याखेरीज प्रत्येक कॅमेऱ्याचे योग्य चित्र एकदा दिवसा आणि एकदा रात्री छापून घ्यावे, कपाटाच्या दारावर चिकटवावे, आणि आठवड्यातून एकदा समोर धरून ताडून पाहावे. त्याच वेळी कालच्या रात्रीचे कोणतेही एक मिनिट उघडून ते खरोखर चालते का, हे पाहावे. थेट चित्र दिसते म्हणजे चित्रीकरण होते आहे, असे नसते. डिस्क बिघडली तरी पडद्यावरचे थेट चित्र छान दिसत राहते.

राहिला माणसांचा प्रश्न. आपली माणसे विश्वासातली आहेत, असे आपण दोन्ही पत्रांत लिहिले आहे, आणि काठीचा उल्लेख मात्र एकदाच, तोही दुसऱ्या पत्राच्या शेवटी. कुंपणच शेत खाते आहे, असे मी म्हणणार नाही. हातात तेवढा पुरावा नाही. पण एकच नाव आणि एकच पासवर्ड सगळे वापरत असतील, तर लॉगमध्ये सगळ्यांची नोंद एकाच नावाने होते आणि निर्दोष माणसालाही आपले निर्दोषपण दाखवता येत नाही. ज्यांना रोज चित्र पाहण्याची गरज आहे, त्यांना प्रत्येकाला स्वतःच्या नावाचे खाते द्यावे, त्यात फक्त थेट चित्र पाहण्याची मुभा असावी; मागचे चित्रीकरण, सेटिंग आणि घड्याळ एवढे आपल्याकडे आणि आपल्या पत्नीकडे ठेवावे. कोणी काम सोडून गेले की खाते त्याच दिवशी बंद करावे. हे बदल सर्वांना एकत्र बसवून सांगावेत, कोणाकडे न पाहता सांगावेत, आणि त्या रात्रीच्या बटणाबद्दल, ते चुकून दाबले गेले होते का, एवढेच साध्या आवाजात विचारावे. शटरची काठी त्या दिवसापासून रात्री आत, कुलपात ठेवावी.